पाच वॅटचे कुणकेरकर

चंद्रप्रकाश कुणकेरकरांनी चौतीस वर्षं फ्रिज ऐकले. म्हणजे अक्षरशः कान लावून ऐकले. विक्रोळीच्या कारखान्यात तयार झालेला फ्रिज ट्रकात चढायच्या आधी एका बंद खोलीत यायचा. तिथे कुणकेरकर खुर्चीवर बसलेले असायचे आणि त्यांच्या हातात असायची वीतभर लाकडी दांडी. दांडीचं एक टोक फ्रिजच्या पाठीला, दुसरं कानाला. जरा कुठे घरघर आली की खिशातली लाल चिकटपट्टी निघायची आणि फ्रिज नापास. पुढे साहेब लोकांनी आवाज मोजायचं मशीन आणलं, पण मशीनने पास केलेले फ्रिज हा माणूस नापास करायचा आणि उघडून बघितलं की नेमका एखादा स्क्रू ढिला निघायचा. शेवटी मशीन कोपऱ्यात गेलं आणि कुणकेरकर रिटायर होईपर्यंत त्या खुर्चीवर राहिले.

इतरांचा आवाज असा पकडणारा माणूस स्वतः मात्र बिनआवाजाचा. जिना चढताना त्यांची चप्पल वाजत नसे. शिंक आली तर उशीत तोंड खुपसून द्यायचे. मुलुंड पूर्वेच्या नवरत्न सोसायटीत बावीस वर्षं राहिले, प्रत्येक मीटिंगला गेले, चहा-बिस्कीट घेतलं आणि एक शब्द न बोलता घरी आले. अशा माणसाला इलेक्ट्रिक गिटार वाजवायचं वेड असावं, याला काय म्हणायचं?

वेड जुनं होतं. विशीत चार वर्षं ते एका ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवत. रिदमवाला म्हणजे लग्नाच्या फोटोत करवलीच्या मागे अर्धा कापला गेलेला माणूस असतो ना, तो. लीड गिटारवाला पुढे उभा राहून टाळ्या घ्यायचा आणि कंडक्टर दर गाण्याला कुणकेरकरांकडे बघून दोन बोटं खाली दाबायचा. खाली घे, म्हणजे आवाज कमी कर. चार वर्षांत ‘वर घे’ अशी खूण त्यांना एकदाही झाली नाही. पुढे नोकरी लागली, सुगंधाशी लग्न झालं, ऑर्केस्ट्रा सुटला. गिटार राहिली, पण तिला जोडायला ॲम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे ती आपली करंटशिवाय वाजायची, म्हणजे कुणकेरकरांना आणि फार तर टीपॉयवरच्या मुंग्यांना ऐकू जायची.

हे असंच चाललं असतं. पण डिसेंबरातल्या मीटिंगमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाची यादी करत बसले होते. पूजा, मग लहान मुलांचे नाच, मग खुद्द भाऊरावांची दोन भावगीतं, असा कार्यक्रम दरवर्षी ठरलेला. कुणकेरकरांची मुलगी दिशा तेव्हा ठाण्याहून माहेरी आली होती आणि मीटिंगलाही बसली होती. ती सहज बोलून गेली की काका, बाबांची गिटार का नाही ठेवत? भाऊरावांनी चष्मा वर केला, कुणकेरकरांकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही गिटार वाजवता?”

बावीस वर्षं हा माणूस त्यांच्या डोक्यावर, बरोबर वरच्या मजल्यावर, रोज संध्याकाळी गिटार वाजवत होता. कुणकेरकरांना ते असं काही झोंबलं की त्यांच्या तोंडून मीटिंगमधलं पहिलं वाक्य बाहेर पडलं. वाजवतो, आणि सव्वीस तारखेला स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर वाजवणार आहे. भाऊरावांनी लगेच खडूने फळ्यावर नाव लिहिलं. घरी आल्यावर कुणकेरकर पस्तावले, पण फळा काही पुसता येत नव्हता.

ॲम्प्लिफायर कुठला घ्यायचा ते त्यांच्या मनात चाळीस वर्षं पक्कं होतं. ऑर्केस्ट्रातल्या लीडवाल्याकडे व्हॉल्व्हचा होता. आपल्या जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे, गरम झाल्याशिवाय आवाज यायचा नाही, तोच प्रकार. त्याचं बटण शेवटाकडे नेलं की सूर जरासा फाटायचा, खरपूस व्हायचा, दुधाच्या पातेल्याच्या बुडाची खरवड लागते ना, तसा. मोठ्या ॲम्पचं बटण शेवटाकडे नेलं तर सोसायटीचं प्लास्टर पडेल. म्हणून जुन्या घडणीचा, फक्त पाच वॅटचा छोटा ॲम्प हवा. त्याचं बटण माणसाला शेवटपर्यंत फिरवता येतं. आणि कुणकेरकरांना खरं सांगायचं तर तेवढंच हवं होतं. आयुष्यात एकदा, एकच गाणं, बटण शेवटपर्यंत फिरवून.

दिशाने सांगितलं, बाबा, रिटायरमेंटचं माझ्याकडून, किंमत विचारायची नाही. सुगंधाने मात्र पाच वॅट ऐकून कपाळाला हात लावला. देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅटचा असतो, म्हणाली. एवढा खटाटोप करून आणणार, तो बल्बच्या एक तृतीयांश?

पहिली फेरी अंधेरीच्या एका दुकानात झाली. विक्रेता पोरगा मोठा आदबीने पुढे आला. त्याने छोटासा ॲम्प चालू केला आणि विचारलं, सर, गिटार आणलीय की इथली देऊ? कुणकेरकर म्हणाले, गिटारचं काय काम? मशीन चांगलं की वाईट ते मशीन रिकामं बसलेलं असतानाच कळतं. आणि शर्टातून दांडी काढून त्यांनी ॲम्पच्या पाठीला लावली, डोळे मिटले. दुकानातली चार गिऱ्हाइकं वाजवायची थांबून बघू लागली.

“गुणगुणतोय,” कुणकेरकर म्हणाले.

पोराने समजावलं की व्हॉल्व्हचा ॲम्प थोडा गुणगुणणारच, सगळे गुणगुणतात. फ्रिजवालेही हेच म्हणायचे, असं म्हणून कुणकेरकरांनी सवयीने खिशातून लाल चिकटपट्टी काढली आणि त्या नव्याकोऱ्या ॲम्पवर चिकटवली. ती सोलून काढायला पोराला नखं लावावी लागली.

दुसरा ॲम्प पवईत, तळ्यासमोरच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर. ऑफिसचं काम घरी बसून करणाऱ्या एका माणसाचा, वापरलेला पण झकास ठेवलेला. कुणकेरकरांनी त्याला एसी बंद करायला लावला, पंखा बंद करायला लावला, खिडक्या लावून घेतल्या. तरी कुठूनतरी घरघर येतच होती. ते उठले, दांडी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि परत आले. ॲम्प तर नापास झालाच, पण जाता जाता त्या बिचाऱ्याचा फ्रिजही नापास झाला. सहा महिन्यांत कॉम्प्रेसर जाणार, असं सांगून कुणकेरकर लिफ्टमध्ये शिरले.

जानेवारीची पंधरा तारीख आली तरी हाती काही नाही. सुगंधा चिडली की सरळ मालवणीत शिरायची. ती म्हणाली, “तुम्ही माका बघूक इलात, तेव्हा खंय होती ही दांडी? तेव्हा बरां कायव ऐकलां नाय.” मग गिटार त्यांच्या हातात कोंबली आणि बजावलं की या वेळी वाजवून बघा, नाहीतर घरी येऊ नका. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गिटार घरी राहायची याचं कारण दांडी नव्हतं. या माणसाला लोकांसमोर वाजवायची लाज वाटत होती, आणि गुणगुण सापडली की वाजवायची वेळ टळत होती, हे तिला कधीच कळलं होतं.

तिसरा पत्ता दिशाने शोधून दिला. मरोळ गावठाणातला जेफ्री. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातून हा स्वतःच्या हाताने व्हॉल्व्हचे ॲम्प बांधायला शिकला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं सगळं सामान. बाहेर ओट्यावर त्याची ऐंशीची आई, तेरेसा, सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती. जेफ्रीने जुन्या सुटकेसच्या कापडाने मढवलेला एक ॲम्प पुढ्यात ठेवला. मागच्या जाळीतून दोन दिवे नारिंगी झालेले दिसत होते. कुणकेरकरांनी दांडी लावली आणि अपेक्षेप्रमाणे मान हलवली. गुणगुणतोय.

जेफ्री वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, हो, गुणगुणतो. आता वाजवा.

आता पळायला वाट नव्हती. कुणकेरकर दाराकडे पाठ जराशी वळवून स्टुलावर बसले, गिटार जोडली, उजवा तळवा तारांवर टेकवला आणि हलकेच एक सूर छेडला. फद्. दुसरा छेडला. फद्. जेफ्रीचा चेहरा उतरला. त्याने व्हॉल्व्ह बदलला. फद्. वायर बदलली, स्पीकर बदलला, ॲम्पच्या पाठीत मानेपर्यंत डोकं घालून इकडे टाका मार, तिकडे ठोक असं अर्धा तास केलं. फद् आणि फद्. दुसरा ॲम्प आणून जोडला, त्यातूनही तेच. वीस वर्षांत आपला आवाज असा मेलेला नव्हता, असं तो घाम पुसत म्हणाला, आणि कुणकेरकरही सहानुभूतीने म्हणाले की होतं असं, कारखान्यातही कधी कधी अख्खी बॅच बाद व्हायची.

तेवढ्यात ओट्यावरून तेरेसा आत वाकून म्हणाली, “जेफ्री, त्या बाबाचा रुमाल तारंत अडकलाय.”

दोघांनी खाली पाहिलं. गिटारच्या खालच्या टोकाला, तारांच्या खाली, चौघडी केलेला एक पांढरा रुमाल घट्ट खोचलेला होता. असा रुमाल खोचला की तार कंप पावायच्या आतच मरते. जेफ्रीने विचारलं, हा कशाला?

“तो असतोच,” कुणकेरकर म्हणाले.

खरंच त्यांना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. गिटारला खुंट्या असतात, तारा असतात, तसा रुमाल असतो. तो सुगंधाने बत्तीस वर्षांपूर्वी खोचला होता. तेव्हा ते विक्रोळीच्या चाळीत राहत होते, एकच खोली, दिशा अडीच महिन्यांची आणि रडून रडून नुकताच डोळा लागलेली. कुणकेरकर कामावरून येऊन गिटार घेऊन बसले. सुगंधाने ओठांवर बोट ठेवलं, कमरेचा रुमाल काढला, तारांखाली सरकवला आणि हळूच म्हणाली, ती उठली की काढा. दिशा तासाभराने उठली. पण तेवढ्यात पलीकडचा रात्रपाळीवाला झोपला. मग दिशाची शाळा आली, मग मुलुंडची जागा आणि खाली भाऊराव, मग दहावी. रुमाल मळला की सुगंधा धुवायची, इस्त्री करायची, कुणकेरकर परत खोचायचे. फाटला की नवा यायचा. रुमालाचं कारण काय, हे घरात दोघेही विसरून गेले.

जेफ्रीने नुसता हात पुढे केला. कुणकेरकरांनी नाइलाजाने रुमाल ओढून काढला आणि मुठीत धरला. जेफ्रीने ॲम्पचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. कुणकेरकरांनी सहाही तारांवरून एकदाच हात फिरवला.

ओट्यावर तेरेसाच्या सुपातला जवळा थरथरला. बाहेर आळीत झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं आणि कोण आलं ते बघायला लागलं. सूर नुसता मोठा नव्हता, तो लांब होता, संपतच नव्हता, आणि कडेने खरपूस होत होता, अगदी त्या लीडवाल्यासारखा. कुणकेरकर घाबरले. आपण कुणाच्या घरात शिरून काहीतरी फोडलं असं त्यांना वाटलं. मग लगोलग इतका आनंद झाला की त्यांना रडूच आलं, आणि हातात रुमाल होताच.

जेफ्रीने विचारलं, गुणगुण ऐकू येतेय का? कुणकेरकरांनी विचारलं, कुठली? लाल पट्टी खिशातच राहिली. तेरेसाने त्यांना निवडलेला जवळा पुडीत बांधून दिला आणि ॲम्प रिक्षात बसून मुलुंडला आला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण बत्तीस वर्षांची सवय एका सुराने जात असती तर काय हवं होतं? घरी आल्या आल्या कुणकेरकरांना खाली भाऊराव आठवले. त्यांनी बटण एकावर ठेवलं आणि हात आपोआप खिशात गेला. दहा दिवस सराव झाला तो असा, व्हॉल्व्हच्या खास ॲम्पवर, रुमाल खोचून. सुगंधाने पाचव्या दिवशी विचारलं की हा चालू आहे ना? की खरंच बल्बच आणलात?

सव्वीस जानेवारीला गेटजवळ मांडव पडला. पूजा झाली, मुलं नाचली, भाऊरावांची दोन भावगीतं झाली आणि कुणी न म्हणता तिसरंही झालं. डेकोरेटरचे माणसाच्या उंचीचे स्पीकर दोन्ही बाजूंना उभे होते. त्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या स्टुलावर कुणकेरकरांचा ॲम्प बसला. मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, ते सुटकेस घेऊन कुठे निघालेत?

व्हॉल्व्ह तापायला मिनिट लागतं, हे मांडवात एकट्या कुणकेरकरांनाच माहीत होतं. बाकीच्यांना दिसत होता सुटकेसशेजारी स्तब्ध बसलेला गृहस्थ. भाऊरावांनी माइकवरून विचारलं, कुणकेरकर, सुरू झालं का? कुणकेरकरांना दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी शर्टातून दांडी काढली, ॲम्पला लावली आणि कान टेकवला. त्याला मात्र टाळ्या पडल्या. जादूचा प्रयोग असावा अशी पुढच्या पोरांची समजूत झाली.

मग त्यांनी वाजवायला घेतलं. ऑर्केस्ट्रात लीडवाला वाजवायचा तीच जुनी सुरावट, चाळीस वर्षं घोटलेली. फद्. फद् फद्. पोरं हसली. बायका शिऱ्याच्या टेबलाकडे वळल्या. कुणकेरकरांना कळत होतं की काहीतरी बिनसलंय, पण काय ते त्या घटकेला काही केल्या आठवेना, कारण तो असतोच. भाऊराव स्टेजच्या कडेला आले आणि वाईट न वाटेल अशा आवाजात म्हणाले की राहू द्या, वय झालं की होतं असं, तुम्ही बसा. कुणकेरकर मान खाली घालून वायर काढायला वाकले. त्या माणसाकडे त्या क्षणी बघवत नव्हतं.

सुगंधा शिरा वाढत होती. तिने डाव तसाच पातेल्यात सोडला आणि तुपाच्या हातांनी तरातरा स्टेजवर चढली. आख्खी सोसायटी बघत होती. ती नवऱ्यासमोर वाकली, तारांखालचा रुमाल दोन बोटांनी ओढून काढला आणि त्याला हात पुसले.

“अहो, काढा म्हटलं होतं ना,” ती म्हणाली. “दिशा कधीची उठली.”

दिशा दुसऱ्या रांगेत होती, मांडीवर स्वतःचं पोर घेऊन. तिला यातलं काहीच कळलं नाही. कुणकेरकरांना कळलं. ते बायकोकडे बघत राहिले. तिने रुमाल कमरेला खोचला आणि ती शिऱ्याकडे न जाता तिथेच, स्टेजच्या पायरीवर बसली.

कुणकेरकरांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पहिला सूर लावला. टेबलावरचे चमचे वाजले, शिऱ्याची रांग गपकन मागे वळली. दिशाचं पोर दचकून जागं झालं, पण रडलं नाही, स्टेजकडे बघत राहिलं. भाऊरावांनी एक हात कानावर ठेवला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं खाली दाबून खूण केली की आवाज जरा खाली घ्या.

कुणकेरकरांनी ती खूण नीट पाहिली आणि पुढची ओळ वाजवली.